अख्ख्या घाटाचं औषध

आमच्या घरातला टीव्ही बिघडला आहे, असं पप्पांनी ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

टीव्हीचा आवाज रोज थोडा थोडा वाढत होता. म्हणजे समर्थ तो वाढवत होता. समर्थ माझा धाकटा भाऊ, पहिलीत आहे. तो टीव्हीच्या इतका जवळ बसायचा की कार्टूनमधल्या उंदराने हात बाहेर काढला असता, तर समर्थच्या ताटातली भाकरी सहज उचलली असती. पप्पा म्हणाले, "स्पीकर बसलाय याचा." आणि टीव्ही चादरीत गुंडाळून, गाडीवर माझ्या मांडीवर ठेवून, आम्ही ओतूरला गेलो. (मी कशी दिसत होते ते मला माहीत नाही. एसटी स्टँडवरच्या लोकांना माहीत आहे.)

दुकानातल्या मेकॅनिकने टीव्ही लावला. आवाज एवढा मोठा आला की शेजारच्या सलूनमधून एक जण अर्ध्या दाढीचा फेस घेऊन बाहेर डोकावला.

"भाऊ, टीव्ही एकदम ओके हाय," मेकॅनिक म्हणाला. "बघणाऱ्याला कुणाला तरी दाखवा."

पप्पा हसले. मीही हसले. हसण्यासारखी गोष्ट नव्हती, हे आम्हाला समर्थच्या शाळेतल्या बाईंनी आईला बोलावल्यावर कळलं.

आता कुणी म्हणेल, घरातलं पोर नीट ऐकत नाही हे घरातल्यांना आधी कसं कळलं नाही? त्यासाठी आमचं घर माहीत असायला हवं. पप्पा वर्षभर कांदा करतात आणि यात्रांचा हंगाम आला की बैलगाडा शर्यतींचे निवेदक असतात. ज्या चढावर गाडे पळतात त्याला आमच्याकडे घाट म्हणतात. त्या घाटाच्या वरच्या टोकाला स्टेजवर उभं राहून पप्पा "भिर्रर्र" म्हणाले, की खालच्या टोकाची म्हातारी माणसंसुद्धा पटका सावरतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत 'निवेदक सूरजभाऊ' म्हटलं की पुरे. अडचण एवढीच, की पप्पा मीठ मागतानाही निवेदकच असतात. आजी या बांधावरून त्या बांधावरच्या बाईशी भाजीला काय केलं ते बोलते. आणि आई त्या दोघांच्या वरताण बोलल्याशिवाय तिचं कुणी ऐकत नाही, म्हणून ती वरताण बोलते.

राहिले मी. मी नववीत आहे. वर्गात माझं नाव आलं की मी "हजर" म्हणते, सर परत नाव घेतात, मी परत म्हणते आणि मग शेजारची मुलगी सांगते, "सर, आलीय ती."

त्यामुळे समर्थ माझ्या हाकेला ओ देत नाही याचं मला कधी नवल वाटलं नाही. माझ्या हाकेला कुणीच ओ देत नाही. आणि बाकीच्यांच्या हाका ऐकायला माणसाला कान लागतच नव्हते. घराचे पत्रे हलायचे.

आई शाळेतून आली तेव्हा चटणी वाटायची होती. तिने मिक्सरच्या झाकणावर हात ठेवला आणि बटण न दाबता तशीच उभी राहिली.

"बाई म्हणाल्या, ह्याला सांगितलेलं कळत नाही. उभं राहा म्हटलं की पाटी काढतो. मंद वाटतोय म्हणाल्या. तपासून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी वेगळ्या शाळेचं बघावं लागेल म्हणाल्या."

"मंद?" पप्पा म्हणाले. "माझं पोरगं?"

"आपल्या घराण्यात कोण बहिरं न्हाई," आजी म्हणाली, "आन् मंद तर मुळीच न्हाई." (कोणी काही विचारलं नव्हतं.)

"थांबा. आत्ताच निकाल लावू," पप्पा म्हणाले.

समर्थ ओट्यावर पाठमोरा बसून शेंगा फोडत होता. पप्पा त्याच्या मागे उभे राहिले आणि घाटातल्या आवाजात ओरडले, "समर्थ!" समर्थ वळला. गोठ्यातली म्हैसही वळली.

"बघा! ऐकतंय का न्हाई?"

आजीने ताट वाजवलं. समर्थ पुन्हा वळला. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग पप्पांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "वृषाली, आता तू बोल काहीतरी."

मी म्हटलं, "समर्थ, लाडू पाहिजे का?"

"बोल की," आजी म्हणाली.

"ती बोलली," आई म्हणाली. "मी इथं आहे म्हणून मला ऐकू आलं. जरा मोठ्याने बोल, वृषाली."

मी जेवढं मोठ्याने बोलता येईल तेवढं बोलले. पप्पांना ऐकू आलं. आजीला ऐकू आलं. शेंगदाण्याच्या लाडवासाठी जो मुलगा झाडावरून उडी मारतो, तो तसाच पाठमोरा शेंगा फोडत राहिला. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्याने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

आई खाली बसली. तो दिवस आमच्या घरातला पहिला शांत दिवस होता.

नारायणगावला कानाच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी समर्थच्या कानात दिव्याच्या नळीने पाहिलं, मग एक छोटं यंत्र कानाला लावून तपासलं आणि आम्हाला सांगितलं, की त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं आहे. हिवाळ्यात सर्दी झाली होती, त्यातून मुलांना असं होतं.

"ढोलाच्या आत पाणी भरलं तर ढोल वाजेल का? तसं झालंय. मुलगा हुशार आहे. मंदबिंद काही नाही. त्याला कमी ऐकू येतंय, एवढंच."

आईने पदराने डोळे पुसले. पप्पांनी खिशातून पेन काढून मॅडमच्या पुढे धरलं.

"लिवा मग औषध."

"औषध नाही."

"म्हंजे संपलंय?"

"म्हणजे द्यायचं नाही. वाट बघायची. हे पाणी बहुतेक मुलांचं आपोआप जिरतं. तीन महिन्यांनी परत दाखवा. राहिलंच, तर पुढचं बघू, त्यालाही उपाय आहे."

"तीन महिनं?" पप्पा म्हणाले. त्यांच्या घाटात बाराव्या सेकंदाला निकाल लागतो. "मॅडम, एखादं अँटिबायोटिक तरी द्या. जोरदार आसंल ते."

"कान दुखतोय का त्याचा? ताप आहे? कान वाहतोय?"

"न्हाई."

"मग ते मारणार कुणाला? नुसतं पाणी आहे आत. त्या औषधाने एखाद्याचं पाणी जरा लवकर जिरतंही, पण तेवढ्यासाठी बाकीच्यांना जुलाब आणि पुरळ कशाला? आणि उगाच दिलं, की खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही." मग त्यांनी सांगितलं, की घरात टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानेच बोला, त्याच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, स्पष्ट आणि जरा मोठ्याने. "शाळेत पुढच्या बाकावर बसवा. मी चिठ्ठी देते. आणि घरात त्याच्याबरोबर जास्त वेळ कोण असतं?"

"मी," मी म्हटलं.

"कोण?" मॅडम म्हणाल्या.

"मी."

"काय म्हणतेय ती?" कानाच्या डॉक्टरांनी आईला विचारलं.

येताना आळेफाट्याला पप्पांनी चहा घेतला. मग म्हणाले, "एवढ्या लांब येऊन रिकाम्या हातानं चाललो. निदान एक सुई तरी टोचायची."

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची यात्रा होती. पप्पा स्टेजवर होते. आई आणि मी समर्थला घेऊन बायकांच्या बाजूला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो होतो. एका गाड्याचे बैल जुपून घेत नव्हते, म्हणून खोळंबा झाला होता. गाडामालक रखमाजी स्टेजवर चढून पप्पांशेजारी बसले. ते पप्पांहून मोठे आहेत, पप्पा त्यांना दादा म्हणतात. आम्हाला ते लांबून दिसत होते. आणि मग सगळ्या कर्ण्यांतून एकदम आवाज आला.

"काय सूरजभाऊ, आज आवाज पडल्यागत वाटतोय."

"आवाजाचं काय घिऊन बसलाय, दादा. पोराला ऐकू येईना."

"कुणाच्या?"

"माझ्या. समर्थच्या. कानात पाणी साचलंय म्हणं. डॉक्टरीण म्हणती थांबा. गोळी न्हाई, औषध न्हाई. घरात मी हसतो, पण मला लई भ्या वाटतंय, दादा. दोन तालुक्यांत माझा आवाज जातो. माझ्याच पोराला जाणार नसंल, तर काय करायचाय ह्यो आवाज?"

वडेवाल्याचा झारा कढईवर तसाच राहिला. गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीवर बसलेल्या माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली. आई स्टेजकडे बघत होती आणि ट्रॉलीतल्या सगळ्या बायका आईकडे बघत होत्या.

"वहिनी काय म्हणत्यात?"

"तिला वाटतं मला ठाऊक न्हाई. पाण्याची मोटार चालू करती आन् गोठ्यामागं जाऊन रडती. मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नसंल, आसं तिला वाटतं."

आईने पदर तोंडावर घेतला. समर्थ माझ्या मांडीवर बसून ऊस खात होता. एवढ्या सगळ्या घाटात ते बोलणं न कळलेला तो एकटाच होता.

तेवढ्यात कर्ण्यांतून तिसरा, बारीक आवाज आला. "भाऊ... माईक चालू हाय."

खर्र झालं. मग पप्पा म्हणाले, "तर मंडळी, बैल जुपलं गेल्यात. घाटात कुणी थांबू नका." इतक्या हळू म्हणाले की पुढचे दोघंतिघंच बाजूला सरले. (आम्हा बापलेकींचा आवाज सारखा आला, तो त्याच दिवशी.)

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. बिस्किटाचा पुडा, केळी, काहीतरी आणतात. या वेळी लोकांनी औषधं आणली.

पहिल्या आल्या शेजारच्या साळुबाई. विरजण आणतात तशी पदराखालून बाटली काढली. "आर्धीच हाय, पण जोरदार हाय. आमच्या सोनीला एका दिसात गुण आला."

"काय झालं होतं सोनीला?" आईने विचारलं.

"गळू. पायाला."

मग रखमाजी आले. त्यांच्या नातवाला खोकला झाला होता, त्यातलं उरलेलं त्यांनी आणलं. वडेवाल्याने एक पाठवलं. पारगावहून आजीच्या भाचीने एसटीच्या कंडक्टरकडे बाटली दिली आणि कंडक्टरने ती स्टँडवर पप्पांच्या हातात देताना सांगितलं, "हलवून घ्या म्हणालीय." आठवडा संपायच्या आत आमच्या फ्रिजच्या दारात गुलाबी, नारिंगी आणि पांढऱ्या अर्ध्या बाटल्यांची रांग लागली. दूध खालच्या कप्प्यात गेलं. कोथिंबीर बाहेर राहिली.

सगळी माणसं मनापासून आली होती. साळुबाईंनी तर समर्थच्या कानावरून मीठमोहऱ्यासुद्धा ओवाळून टाकल्या. म्हणून त्यांना नको म्हणायचं कुणाच्या तोंडात येईना.

मग बाटल्यांची फायनल झाली. पंच म्हणून आजी, साळुबाई आणि रखमाजी बसले. पप्पा एकेक बाटली वर धरून दाखवत होते. नारिंगी मागे पडली, कारण ती पातळ दिसत होती. शेवटी रखमाजींच्या नातवाची गुलाबी बाटली जिंकली, कारण ती सगळ्यात घट्ट होती.

"पण मॅडम नको म्हणाल्या होत्या," आई म्हणाली.

"मॅडम तिकडं नारायणगावात बसल्यात. पोराचं तोंड रोज मला बघाया लागतंय."

"चमचाभरानं काय व्हतंय?" आजी म्हणाली.

आईने चमचा काढून दिला. तीही घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला रिकामा चमचा बघवत नाही.

मी ती बाटली हातात घेऊन वाचली होती. पावडरमध्ये पाणी घातल्यावर सात दिवसांत संपवावे, असं तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. रखमाजींच्या नातवाचा खोकला दिवाळीतला होता. मी ते सांगितलं.

"काय?" पप्पा म्हणाले.

मी परत सांगितलं.

"हिचा बी आवाज बसलाय," साळुबाई काळजीने म्हणाल्या. "त्यातलंच चमचाभर हिला बी द्या."

मी माजघरात जाऊन बसले. (मला ते औषध देतील याचीच मला जास्त भीती वाटली, हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.)

समर्थने काही कुरकुर केली नाही. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलेलं त्याला कळत नव्हतं. चमचा समोर आला की तोंड उघडायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. औषध गोड होतं. तो प्रत्येक वेळी पप्पांकडे बघून हसायचा, आणि पप्पा चमचा धुवायला लगेच पाठ फिरवायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्याला जुलाब सुरू झाले. आई हवालदिल झाली. आजी मात्र खूश झाली.

"उतारा पडतोय. कानातलं पाणी खाली चाललंय."

ही गोष्ट पप्पांना इतकी पटली की त्यांनी फोन करून रखमाजींना कळवली. रखमाजी म्हणाले, "मग दोन चमचं करा. वाट मोकळी झालीया तवर सगळं निघून जाऊंद्या."

दोन चमचे झाले. समर्थ दिवसभर संडासाच्या दाराशी पाट टाकून बसू लागला. खेळायला गेला नाही. मी त्याच्याशेजारी बसले तर माझ्या खांद्याला टेकला आणि तसाच झोपला. त्याच्या ओठांना कोरड पडली होती. आणि मग एका सकाळी मी त्याचा शर्ट बदलायला काढला, तर पोटावर, पाठीवर, मानेवर लाल पुरळ उठलं होतं. डोळ्यांखाली सुजलं होतं.

आजी म्हणाली, "आंगावर फुटलंय. लिंबाचा पाला आणा." साळुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "औषध कमी पडलं. ती नारिंगी द्या." पप्पा फ्रिजकडे वळले. आई एका हाताने समर्थला धरून दुसऱ्या हाताने फोन शोधत होती. सगळे एकदम बोलत होते.

आणि कुणीतरी ओरडलं, "बास! कुणी काही देऊ नका त्याला! डॉक्टरांकडे चला आत्ताच्या आत्ता!"

पप्पा दाराकडे बघू लागले, कोण आलं म्हणून. साळुबाईंनी कुंपणाच्या तारा सोडल्या. समर्थने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की ते मी ओरडले होते.

रखमाजी स्वतःच बैल न्यायची त्यांची पिकअप घेऊन आले. आई समर्थला घेऊन पुढे बसली. मी आणि पप्पा मागे, बैलांच्या चाऱ्याला ठेवलेल्या उसाच्या वाढ्यांवर. पप्पांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत सगळ्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. वाटेत ते एकदाच बोलले. "मी पाजलं त्याला, वृषा. हसत व्हता त्यो." मी पिशवी माझ्याकडे घेतली.

मॅडमनी आधी समर्थची छाती तपासली, घसा पाहिला. श्वासाला त्रास नाही, हे बघून त्यांचे खांदे खाली आले. औषध त्याच क्षणी बंद. खाजेसाठी एक औषध आणि पाण्यात कालवून द्यायची मीठसाखरेची पाकिटं त्यांनी लिहून दिली. मग पिशवी टेबलावर ओतली.

"ही कुणाची औषधं?"

"नातवाचं हाय एक," रखमाजी म्हणाले. "खोकल्याचं."

"आणि ह्याला द्यायला कुणी सांगितलं?"

पप्पांनी खाली बघत सांगितलं, "अख्ख्या घाटानं."

"आजोबा, बाहेरची बैलांची गाडी तुमचीच ना? बैलाच्या अंगावर असं उठलं, तर शेजाऱ्याच्या बैलाचं उरलेलं औषध देता का?"

"छ्या!" रखमाजी ताडकन म्हणाले. "डॉक्टर आल्याबिगर बैलाला थेंब देत न्हाई आमी. लई मोलाचं जनावर असतंय त्ये."

रखमाजींनी आपलं वाक्य स्वतःच परत ऐकलं असावं. त्यांनी पटका काढला, हातात घेतला आणि बाहेर जाऊन पिकअपजवळ उभे राहिले.

"या औषधाचं नाव लक्षात ठेवा," मॅडम पप्पांना म्हणाल्या. "पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिल्यांदा हे सांगायचं. पुढच्या वेळी पुरळावर भागलं नाही तर?" मग त्यांनी समर्थच्या कानात पाहिलं. "आणि पाणी जिथल्या तिथे आहे. एवढं करून काही हललेलं नाही." त्यांनी बाटल्या स्वतःकडे ठेवून घेतल्या. "थांबवलं कुणी हे?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ही ओरडली."

"ही?" मॅडम म्हणाल्या. "मग तोच आवाज रोज वापर त्याच्यासाठी."

पुरळ काही दिवसांत उतरलं, जुलाब थांबले. पण कान तसेच होते, आणि आता खरोखरच वाट बघायची होती. पुढच्या यात्रेत पप्पांनी माईक चालू असल्याची स्वतः खात्री करून घेतली आणि सांगितलं, "मंडळी, पोरगं बरं हाय. तुमची माया पोचली. उरलेली औषधं मात्र कुणी आणू नका, आन् आपल्या पोरास्नी बी देऊ नका." लोकांनी ऐकलं. बाटल्या आल्या नाहीत. लसणाचं तेल आलं. ते आईने फोडणीला वापरलं.

घरात टीव्ही बंद झाला. पप्पा समर्थच्या पुढ्यात मांडी घालून बसत, त्याची हनुवटी धरत आणि साध्या आवाजात विचारत, "आज शाळंत काय शिकला?" पप्पांना साधा आवाज काढताना घाम यायचा. आजी हातवारे करायची. बाईंनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं आणि मंद हा शब्द परत काढला नाही. पण घरातला बोलण्याचा मोठा वाटा माझ्याकडे आला. मी त्याला धडे वाचून दाखवायचे. त्याला धड्यांचा कंटाळा आला. त्याने लाकडी बैल आणून माझ्यापुढे मांडले आणि म्हणाला, "ताई, पप्पासारकं बोल."

मी दार लावून घेतलं. पहिल्या दिवशी बैल चालले. तो म्हणाला, "ऐकू येत न्हाई, पळना झाल्यात ते." दुसऱ्या दिवशी मी जरा वाढवलं. यात्रांचा हंगाम सरत आला तोवर मी रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहून "आली, आली, आली, भिर्रर्र!" करत होते, आणि बैल पळत होते. एकदा रस्त्याने जाणाऱ्या माणसाने साळुबाईंना विचारलं, "सूरजभाऊ आज घरीच का?" (शाळेत हजेरीला मी "हजर" म्हणाले तर सरांच्या हातातला खडू पडला. हे मी घरी सांगितलेलं नाही.)

काही फरक पडला का, असं रोज रात्री आई मला डोळ्यांनीच विचारायची आणि मी मान हलवून नाही सांगायचे. तीन महिने हे सांगायला सोपे असतात. आई अजून गोठ्यामागे जायची, फक्त आता मोटार लावायची नाही. पप्पाही तिच्याबरोबर जायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारची वेळ होती, समर्थ ओट्यावर पाठमोरा बसून शेंगा फोडत होता. मी मागे डबा उघडून बसले होते आणि डब्यात एकच लाडू उरला होता. मी स्वतःशीच, माझ्या जुन्या आवाजात पुटपुटले, "हा मीच खाते."

समर्थने न वळता हात मागे केला. तळहात पसरून.

मी लाडू त्याच्या हातावर ठेवला. मग मी आत जाऊन आईला हाताला धरून बाहेर आणलं.

मॅडमनी यंत्र लावलं, दिव्याच्या नळीने पाहिलं. दोन्ही कान. मग त्या त्याच्या मागे गेल्या, तोंडावर कागद धरला आणि अगदी हळू विचारलं, "समर्थ, तुझ्या बैलांची नावं काय?"

"एक राजा आन् एक बाजी," समर्थ मागे वळून म्हणाला. "आन् तुमी कागदाच्या मागं का लपल्यात?"

आई रडू लागली, मोटारीशिवाय, सगळ्यांसमोर. पप्पांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. दोन तालुक्यांचे निवेदक नुसते मान हलवत उभे राहिले. कुणीतरी विचारायला हवं होतं, म्हणून मी विचारलं, "मॅडम! म्हणजे गेलं सगळं पाणी?"

बाहेर बाकावर एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. कंपाउंडर दार उघडून आत डोकावला. मॅडमच्या हातातली नळी टेबलावर पडली.

समर्थने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

"ताई, हळू बोल की! मी काय बहिरा हाय का?"